पोलंडला दिलेला शब्द

घरातल्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही कोल्हापूरहून गांधीनगरला जायचो. आजी दर वेळी म्हणायची, "हितं पोलंडची माणसं ऱ्हायची." आम्हाला ती थाप वाटायची..

थाप नव्हती. १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. हे वाचलं तेव्हा एक प्रश्न डोक्यात बसला. पोलंडशी ब्रिटनचा करार होता ना? मग ही माणसं आमच्या कोल्हापुरात कशी?

परस्पर मदतीचा तो करार २५ ऑगस्ट १९३९चा. १ सप्टेंबरला हिटलर पोलंडमध्ये घुसला, ३ तारखेला ब्रिटन आणि फ्रान्सने युद्ध पुकारलं. म्हणजे शब्द पाळला की! पण फ्रेंच फौजा जर्मन हद्दीत काही किलोमीटर शिरल्या आणि थांबल्या.

खरी मेख तर वेगळीच. करारात "युरोपीय सत्तेने" हल्ला केल्यास मदत, असं होतं. सोबतच्या गुप्त मसुद्यात खुलासा केला होता की ही सत्ता म्हणजे जर्मनी. दुसरं कुणी आलं तर? फक्त सल्लामसलत. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा आल्या. ब्रिटन स्वस्थ राहिला आणि कागदाप्रमाणे त्यात काही चूकही नव्हती! वळिवड्याला आले ते बहुतेक त्याच पूर्व भागातले. १९४०-४१ मध्ये सोव्हिएतांनी त्यांना घरातून उचलून सायबेरिया, कझाकस्तानकडे हाकललं होतं.

पोलंड १९९९ मध्ये नाटोत गेला. नाटोचं कलम ५ म्हणतं, एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला. झकास! पण पुढे वाचा: प्रत्येक देशाने त्याला आवश्यक वाटेल ती कृती करायची. त्याला वाटेल ती! (हे कलम आजवर एकदाच लागू झालं, २००१ मध्ये, तेही अमेरिकेसाठी.) म्हणून असेल, पण पोलंड नुसत्या कागदावर विसंबत नाही. २०१७ पासून मित्रदेशांची एक तुकडी त्याच्या भूमीवर आहे. हल्ला झालाच तर त्यांचीही पोरं मरतील, मग शब्दाचा अर्थ काढत कोण बसेल? हिशोब क्रूर आहे, पण मला पटतो.

असो. आजीला हे सांगायचं राहिलं. तिचा प्रश्न एवढाच असायचा, "मग गेली कुठं ती माणसं?" इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कुठे कुठे. बरेच जण घरी परतलेच नाहीत. त्यांची गावं तोवर सोव्हिएत हद्दीत गेली होती.