मी ट्रॅव्हल बग बोलतोय

ओळखलंत का मला? मी जिओकॅशिंगच्या खेळातला ट्रॅव्हल बग, किड्याचं चित्र असलेला धातूचा छोटासा बिल्ला. माझ्यावर कोरलेला क्रमांक हीच माझी ओळख. खेळाडू जीपीएसच्या मदतीने लपवलेला डबा शोधतात, मला उचलतात, क्रमांकाची नोंद करतात आणि पुढच्या डब्यात नेऊन ठेवतात. मला पाय नाहीत. माझा प्रवास अनोळखी माणसांच्या प्रामाणिकपणावरच चालतो. कुणी खिशात विसरलं, की संपला प्रवास!

माझा एक भाऊबंद २०१३ मध्ये अंतराळवीर रिक मॅस्ट्राकिओ यांच्यासोबत अंतराळ स्थानकावर गेला. दुसरा पर्सिव्हरन्स रोव्हरवर बसून २०२१ मध्ये थेट मंगळावर पोहोचला. पण तिथे त्याला उचलून पुढे नेणारं कोणीच नाही. माझं नशीब थोर, माझ्याभोवती माणसं आहेत. म्हणून मित्रांनो, मी सापडलो तर मला ठेवून घेऊ नका, पुढे जाऊ द्या!