गाळण्याची दुसरी बाजू

पाणी गाळून पिणारे लोक, अशी आम्हां जैनांची एक ओळख आहे. ती खरी आहे, पण अर्धी. गाळणं सगळ्यांना दिसतं. गाळून झाल्यावर काय करायचं, ते घराबाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. आणि माझ्या धर्मातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं, ते त्या नंतरच्या कामात आहे.

आमच्या आजीकडे पाण्यासाठी घट्ट विणीचं पांढरं सुती कापड वेगळं ठेवलेलं असे. ते दुहेरी करून घागरीच्या तोंडावर धरायचं, मध्ये थोडी खोळ ठेवायची आणि विहिरीचं पाणी सावकाश ओतायचं. घागर भरली तरी कापड पिळायचं नाही. पिळलं तर सगळं केलेलं वाया. ते अलगद उचलून दुसऱ्या भांड्यावर उलटं धरायचं आणि वरून गाळलेलंच पाणी सोडायचं, म्हणजे कापडाला चिकटलेले बारीक जीव खाली उतरतात. मग ते पाणी ज्या विहिरीतलं, त्याच विहिरीत परत. मोरीत नाही, अंगणात नाही, शेजारच्या विहिरीतही नाही. तेही काठावरून भसकन ओतायचं नाही. बुडाला कडी असलेली एक लहान बादली होती. पाण्याला टेकल्यावरच ती कलंडेल अशा बेताने दोर सोडायचा. “ज्याचं घर त्याला,” एवढंच आजी म्हणायची. दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं उलटली की घागरीतलं पाणी पुन्हा गाळायचं.

पाणी गाळण्यात माझाही फायदा आहे. राहिलेलं परत नेऊन सोडण्यात माझा काडीचाही नाही. म्हणून मला वाटतं, अहिंसेची खरी ओळख इथे पटते. माझ्या तहानेपायी जो जीव आपल्या जागेवरून हलला, तो जागी पोचेपर्यंत माझं काम संपलेलं नसतं.

पण असं जगायचं तर शेती कशी करायची? कोल्हापूर-सांगलीकडची आमची घरं पिढ्यानपिढ्या रानात राबणारी. नांगराच्या फाळाखाली काय काय येतं, हे नांगर धरणाऱ्याइतकं कुणाला कळणार? आमच्या परंपरेने या प्रश्नाकडे पाठ फिरवली नाही. हिंसेचे चार प्रकार तिने सांगितले: स्वयंपाक-झाडलोटीत होते ती आरंभी, पोटापाण्याच्या उद्योगात होते ती उद्योगी, स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या रक्षणासाठी करावी लागते ती विरोधी आणि ठरवून केलेली ती संकल्पी. गृहस्थाने संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची. बाकीच्या तीन जपून, होईल तेवढ्या कमी करायच्या. शेतकऱ्याला ताठ मानेने जगू देणारी आणि तरीही त्याला मोकाट न सोडणारी ही मांडणी मला फार शहाणी वाटते.

या जपण्यालाच खरं वजन आहे. अमृतचंद्राचार्यांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथात सांगितलं आहे की, पूर्ण सावधपणे वागणाऱ्याच्या हातून एखादा जीव गेला, तरी एवढ्याने तो हिंसक ठरत नाही; आणि बेफिकीर माणसाच्या हातून कुणी मेलं नाही, तरी हिंसा घडलेलीच असते. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी हादरलो. आजवर कुणाचं वाईट झालं नाही, या समाधानाला इथे जागाच नाही. मी कसा वागत होतो, एवढाच प्रश्न.

समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त गृहस्थाच्या व्रतांमध्ये अनर्थदंडाचा त्याग सांगितला आहे. काही कारण नसताना केलेली इजा, ती अनर्थदंड. उगाच माती उकरणं, पाणी सांडणं, आग लावणं, झाडपाला तोडणं हे त्यात आलं; तसंच मनात दुसऱ्याचं वाईट चिंतणं आणि मन कलुषित करणारं ऐकत बसणंही आलं.

आमच्याच रानातलं उदाहरण घ्या. ऊस तुटून गेला की फडात पाचटाचा जाड थर उरतो. काडी लावली की रान झटक्यात मोकळं होतं, म्हणून बरेच जण ते पेटवून देतात. त्या जाळात गांडुळं, गोगलगाई, सरडे, मातीतले असंख्य जीव होरपळतात. पाचट सऱ्यांत दाबलं, बुडखे जमिनीलगत छाटले, वर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकलं, तर तेच कुजून खत होतं, ओल टिकते आणि खोडवाही जोमाने फुटतो. नांगरट टळत नाही, पण हा जाळ टळू शकतो. माझी सगळी नीती या दोन गोष्टींमधला फरक ओळखण्यात आहे. रानात तो ओळखणं त्यामानाने सोपं. हातातल्या मोबाइलवर कुणाची तरी बदनामी पुढे ढकलताना, घरात विनाकारण आवाज चढवताना तो ओळखायला जास्त जागं राहावं लागतं. तिथे मी स्वतःला एकच विचारतो: याची गरज होती का?

इतकं बारकाईने जगणं कुणाला जमेल, असं लोक विचारतात. मला ते जमण्याजोगं वाटतं, कारण या व्रतात गरजेचं काहीच सोडायला सांगितलेलं नाही. सोडायचं आहे ते फक्त निष्कारण.

जैन दर्शनात जग चालवणारा, हिशेब मांडणारा किंवा माफ करणारा ईश्वर नाही. आपलं कर्म आपणच बांधतो आणि आपणच सोडवतो. काहींना हे फार कोरडं वाटतं. मला त्यात माणसावरचा मोठा विश्वास दिसतो: भीती नसताना, लोभ नसताना, कुणी पाहत नसतानाही डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाची काळजी माणूस आपण होऊन घेऊ शकतो. हा विश्वास खोटा ठरू नये, एवढ्यासाठी तरी मला नीट वागायचं आहे.