पेटीतील चुडा

१९४७ साली देशाची फाळणी झाली, तेव्हा सिंध प्रांतातून निघालेली सहस्रावधी कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत येऊन राहिली. १९४९ मध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले. बदलापूरवरून वाहत येणाऱ्या उल्हास नदीचे नाव त्या वसाहतीस मिळाले. घरेदारे, शेते, दुकाने मागे राहिली होती; परंतु काही पेट्यांच्या तळाशी कापडात गुंडाळलेला हस्तिदंती चुडा मात्र बरोबर आला होता.

उल्हासनगरातील एका आजीबाईंच्या पेटीत असा एक चुडा आहे. तो त्यांच्या सासूबाईंचा. सिंध, पंजाब, राजस्थान, गुजरात या प्रदेशांत नववधूच्या हातांत हस्तिदंती चुडा भरण्याची चाल फार जुनी. म्हणून थोरल्या नातीचे लग्न ठरले, तेव्हा आजीबाईंनी तो बाहेर काढला. मऊ, पिवळसर, स्पर्शाला गार! त्याच दिवशी घरी आलेल्या एका गृहस्थाने हळूच सुचविले, की चोरून असल्या वस्तूंना भरपूर पैसे देणारी माणसे आहेत. लग्नाचा अर्धा खर्च निघेल.

धाकटी नात जवळच बसली होती. तिने एक बांगडी उचलून विचारले, "दादी, ही आतून पोकळ कशी केली असेल?"

या प्रश्नाचे उत्तर सुखद नाही. हत्तीचा सुळा हा त्याचा दातच होय. त्याचा सुमारे तिसरा हिस्सा कवटीत रुतलेला असतो. मुळाशी तो पोकळ असून त्या पोकळीत जिवंत मगज असतो. कारागीर हाच पोकळ भाग आडवा कापून त्याची कडी काढीत. म्हणजे बांगडीसाठी जो भाग हवा, तोच हत्तीच्या मस्तकात खोल दडलेला. आणि चोरट्या शिकाऱ्याला तो हत्तीला मारल्यावाचून मिळत नाही. मराठीत 'हस्तिदंत' या शब्दातच हत्ती आणि दात दोन्ही आहेत, तरी बोलताना ते कोणाच्या ध्यानात येत नाहीत. सिंधी भाषेत त्याला 'आज' म्हणतात. मराठी कानाला तो शब्द किती निरागस वाटतो!

हा चुडा बहुधा आफ्रिकेतील हत्तीचा असावा. एकोणिसाव्या शतकात तेथील हस्तिदंत झांजिबारहून गलबतांनी मुंबईस येई व तेथून गावोगावच्या कारागिरांकडे जाई. रानातून किनाऱ्यापर्यंत ते ओझे वाहणाऱ्यांत गुलाम केलेली माणसेही असत.

भारतातील हत्तींची कथा आणखी वेगळी. येथे मोठे सुळे फक्त नरांना असतात, तेही सर्वांना नाहीत. चोरटे शिकारी नेमके सुळेवाले नर टिपीत. केरळातील पेरियारच्या रानात एके काळी एका प्रौढ नरामागे माद्यांची संख्या शंभराच्या घरात गेली होती. हत्तिणीच्या पोटात पिल्लू सुमारे बावीस महिने वाढते. बंदुकीची गोळी मात्र क्षणात सुटते. १९८६ मध्ये देशातील हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली. १९९१ मध्ये आफ्रिकेतील हस्तिदंताचा व्यापारही बंद झाला. तरीही चोरबाजार पुरता संपलेला नाही. दूरच्या शहरात कोणी तरी पैसे मोजतो, म्हणूनच रानात कोणी तरी दबा धरून बसतो.

नातीने शाळेत जे ऐकले होते, ते सारे सांगितले. आजीबाई बराच वेळ बांगडीवरून बोट फिरवीत राहिल्या. "आम्ही हा शुभ म्हणून घालीत होतो गं," त्या पुटपुटल्या. पाहुण्याचा चहा निवून गेला होता. त्याच्याकडे न पाहता त्यांनी चुडा पुन्हा कापडात बांधला आणि पेटी बंद केली.

लग्नात नवरीने प्लॅस्टिकचा चुडा भरला. मांडवात दुरून पाहणाऱ्या कोणालाही त्यातला फरक कळला नाही.