बोली आणि भरणा

पर्युषणात चौदा स्वप्नांची बोली लागते, तेव्हा सर्वांत मोठी रक्कम उच्चारणाऱ्याच्या नावाची साऱ्या उपाश्रयात अनुमोदना होते. तथापि आपले वडीलधारे एक गोष्ट आवर्जून सांगत आले आहेत. बोलीचे पुण्य भरणा झाल्यावरच पदरी पडते. बोललेली रक्कम थकवणे हा दोष आहे. खेळांच्या प्रायोजकत्वाचा विचार करताना मला हा संकेत वारंवार आठवतो.

काही महिन्यांपूर्वी समाजातील तीन तरुण पूल या खेळाची व्यावसायिक स्पर्धामालिका उभारण्याची कल्पना घेऊन माझ्याकडे आले. पूल म्हणजे बिलियर्ड्स आणि स्नूकरचा धाकटा भाऊ. आपल्या घरांत या खेळांविषयी संकोच असतो. क्लब, धूर आणि पैजा यांचीच चित्रे डोळ्यांसमोर येतात. एकेकाळी त्यांचे चेंडूही हस्तिदंताचे असत. ती हिंसा कृत्रिम पदार्थांमुळे केव्हाच थांबली. शिवाय विल्सन जोन्स यांनी १९५८ साली हौशी बिलियर्ड्सचे जागतिक विजेतेपद भारतात आणले, ते याच हिरव्या कापडावर. त्यामुळे मी फाइल उघडली.

पहिल्याच पानावर बक्षिसाचा भला मोठा आकडा होता. बँकेत प्रकल्प अहवाल वाचण्यात आयुष्य गेले असल्याने मी निधीच्या स्रोताचे पान शोधू लागलो. ते फाइलीत नव्हते. “काका, आकडा मोठा असला की प्रायोजक आपोआप येतात,” असे त्यांचे म्हणणे पडले.

मी त्यांना अमेरिकेतील इंटरनॅशनल पूल टूरची हकीकत सांगितली. दूरचित्रवाणीवरील लांबलचक जाहिरातींतून पुस्तके विकणारे केव्हिन ट्रूडो यांनी ती २००५ साली सुरू केली. पूलच्या खेळाडूंनी कधी ऐकल्या नव्हत्या अशा रकमा जाहीर झाल्या. २००६ च्या सप्टेंबरात रीनो येथील स्पर्धा फिलिपाइन्सच्या एफ्रेन रेयेस यांनी जिंकली. पहिले बक्षीस होते ५ लाख डॉलर. स्पर्धा संपल्यावर खेळाडूंना कळले की, द्यायला पैसेच नाहीत. पुढे रकमा हप्त्याहप्त्याने दिल्या गेल्या आणि मालिका बंद पडली. त्या खेळाडूंवर काय गुजरली असेल, हे उधारी थकलेल्या कोणत्याही व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागणार नाही. सारा डोलारा एकाच माणसाच्या तिजोरीवर उभा होता. एकाच कर्जदाराला सगळे भांडवल देणारी बँक जशी बुडते, तसेच येथे झाले.

दुसरा प्रश्न पैशाच्या उगमाचा. ज्यांना जाहिरातीची इतर दारे बंद होतात, ते अशा खेळांकडे मोठी थैली घेऊन येतात. १९९० च्या दशकात अमेरिकेतील पुरुषांच्या पूल मालिकेला कॅमल सिगारेटचे नाव होते. कंपनीने हात काढून घेतल्यावर ती मालिका टिकली नाही. स्नूकरच्या जागतिक स्पर्धेवर १९७६ पासून २००५ पर्यंत एम्बसी सिगारेटची मुद्रा होती. ब्रिटनच्या कायद्याने ती पुसली आणि पुढच्याच वर्षी तेथे ऑनलाइन जुगाराची कंपनी आली. आपल्याकडे २०२५ साली पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि क्रिकेट संघाच्या जर्सीवरून ड्रीम इलेव्हन हे नाव काही दिवसांत गेले. सप्तव्यसनांत जुगाराचा उल्लेख प्रथम येतो. अशा पैशाला नकार देण्याचे कारण धर्मात आहेच. हिशेबाची वहीसुद्धा तेच सांगते. कायद्याच्या एका फटकाऱ्याने जाणारे उत्पन्न दीर्घ मुदतीच्या योजनेत धरता येत नाही.

मग मालिका टिकते कशाने? इंग्लंडच्या मॅचरूम या संस्थेने १९९४ साली मॉस्कोनी कप ही स्पर्धा सुरू केली. ती आजही दरवर्षी होते आणि त्याच संस्थेने आता पूलची जागतिक मालिका उभी केली आहे. अशा स्पर्धांच्या प्रायोजकांत क्यू, कापड आणि टेबल बनवणारे कारखानदारही असतात. खेळ वाढला की त्यांचा माल खपतो. इतर व्यापाऱ्यांचाही लाभ आहे. कॅमेरा तासन्‌तास एकाच टेबलावर स्थिरावलेला असतो आणि त्यावरील नाव प्रेक्षकाच्या नजरेआड होत नाही. मात्र प्रायोजक म्हणजे दाता नव्हे, हे मागणाऱ्याने ओळखले पाहिजे. जाहिरातीच्या लाभासाठी दिलेले प्रायोजकत्व सामाजिक दायित्वाच्या, म्हणजे सीएसआरच्या, खर्चात धरता येत नाही, असा नियमच आहे. हा पैसा जाहिरात खर्चातून येणार आणि देणारा त्याचा मोबदला विचारणार.

म्हणून मी त्या तरुणांना चार गोष्टी सुचवल्या. बक्षिसाची संपूर्ण रक्कम प्रवेशिका स्वीकारण्यापूर्वी स्वतंत्र खात्यात जमा असावी आणि त्या खात्यावर आयोजकांबरोबर बाहेरच्या सनदी लेखापालाचीही सही असावी. कोणत्याही एका प्रायोजकाचा वाटा एक चतुर्थांशाहून अधिक नसावा. एका वर्षाच्या मोठ्या रकमेपेक्षा तीन वर्षांचा लहान करार पत्करावा. पहिल्या फेरीत हरलेल्यालाही निदान परतीचे भाडे मिळावे.

“पण एवढ्याशा बक्षिसाची बातमी होईल का, काका?” त्यांतील एकाने विचारले. मी म्हणालो, “पहिल्या वर्षी होणार नाही. तिसऱ्या वर्षी, येथे पैसे वेळेवर मिळतात ही बातमी खेळाडूच गावोगाव नेतील. प्रायोजक ती ऐकून येतात.”

त्यांनी आकडा निम्म्याहून कमी केला आहे आणि खाते उघडले आहे. आता ते प्रायोजकांच्या शोधात हिंडत आहेत. आपल्या पेढीवर असे कोणी तरुण आले, तर त्यांना पाणी विचारावे, बसवून घ्यावे आणि सर्वप्रथम खात्याचे पान मागावे. ते पान असेल, तर पुढचे बोलणे करण्यास हरकत नाही.