दोरी टाकायची जागा

सदाहरित जंगलात नमुने घ्यायला शिकायचं म्हणजे झाडं ओळखायला शिकायचं, अशी समजूत घेऊनच मी या कामाकडे आलो. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा ही नावं पानांवरून, सालीवरून, चीक येतो का यावरून जमू लागली की निम्मं काम आलं असं वाटतं. आज माझं मत वेगळं आहे. नावं हा या विद्येचा सोपा भाग आहे. अवघड भाग त्याच्या आधी येतो: दोरी कुठे टाकायची हे आपल्या डोळ्यांना ठरवू द्यायचं नाही. सह्याद्रीच्या उतारावर वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद प्लॉट आखायचा असतो तेव्हा पाय आपोआप मोठ्या झाडांकडे, मोकळ्या सावलीकडे, काटेरी जाळी नसलेल्या बाजूला वळतात. यात लबाडी नसते. मनातल्या जंगलाशी जुळणारा तुकडा समोर आला की माणूस तिथे थांबतो, इतकंच. पण असे पंचवीस प्लॉट, म्हणजे एक हेक्टर, मोजून हेक्टरी झाडांचा आकडा सांगितला, तर तो आपल्या पसंतीचा आकडा असतो. म्हणून जागा नकाशावर आधीच, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक अंकांनी ठरवायच्या आणि त्या पडतील तिथे जायचं. मग तिथे कारवीचं दाट रान असो, झाड उन्मळून झालेली उघडीप असो, की नुसता कातळ. कातळावरच्या प्लॉटच्या पानावर शून्य लिहावं लागतं. चढ चढून जाऊन शून्य लिहिणं हाताला फार जड जातं, आणि तेच पान गाळलं की पुढची सगळी सरासरी फुगते.

जागा ठरली तरी डोळा आणि हात फसवत राहतात. तीस अंशांच्या उतारावर टेप जमिनीलगत धरून वीस मीटर मोजले, तर आडवं अंतर सतरा मीटरांच्या किंचित वर भरतं. चारशे चौरस मीटर समजलेला प्लॉट प्रत्यक्षात सुमारे ३४६ चौरस मीटरांचा निघतो. झाडं तेवढ्याच जागेतली, भागायचं मात्र चारशेने. म्हणजे घनता तेरा टक्क्यांनी कमी. ही चूक सपाटीवर होत नाही, फक्त चढावर होते, आणि त्यातून ‘तीव्र उतारावर जंगल विरळ असतं’ असा निष्कर्ष निघू शकतो. तो जंगलाचा नसून टेपचा असतो. उतार मोजून त्या बाजूला तेवीस मीटरांच्या थोडं पुढे जायचं, किंवा टेप आडवा धरून टप्प्याटप्प्याने उतरायचं, एवढाच उपाय. घेराचंही तसंच. तो १.३ मीटर उंचीवर, उतारावर झाडाच्या चढाकडच्या बाजूने उंची मोजून घ्यायचा. आधारमुळं रुंद असतील तर त्यांच्या वर. खोडाला बिलगलेली वेल टेपखाली येऊ द्यायची नाही. झाडाचं वजन ढोबळमानाने व्यासाच्या अडीचाव्या घाताने वाढतं. घेरात दहा टक्के जास्त धरले, तर वजन, आणि त्यातला कार्बन, चौथाईहून अधिक फुगतो.

यावर पहिला आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात वावरणाऱ्या माणसाला हे सगळं दोरीशिवाय ठाऊक असतं, मग हा खटाटोप कशाला? कोणतं झाड कुठल्या ओढ्याकाठी आहे, कधी फळतं, कधीपासून कमी झालं, हे त्याला माझ्याहून कितीतरी चांगलं कळतं, आणि त्याच्याशिवाय प्लॉटमधली निम्मी नावं चुकतील. पण त्याचं ज्ञान त्याच्या वाटांवरचं असतं: देवराईकडे, पाणवठ्याकडे, हिरड्याकडे जाणाऱ्या वाटांवरचं. ज्या कोपऱ्यात जायचं कारण नाही तो कोपरा त्यालाही अंधारच असतो. प्लॉटचा प्रश्नच वेगळा आहे: एकूण किती, आणि किती खात्रीने. दुसरा आक्षेप असा की यादृच्छिक जागांतून दुर्मीळ जाती सुटतात. हे खरं आहे. पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर १९८०च्या सुमारास हबेल आणि फॉस्टर यांनी पन्नास हेक्टरांत एक सेंटीमीटर व्यासाहून जाड प्रत्येक खोड मोजायला घेतलं. दोन लाखांहून अधिक खोडं आणि सुमारे तीनशे जाती भरल्या, तरी कितीतरी जातींची मोजकीच झाडं मिळाली. दुर्मीळ झाडांचा शोध वेगळा घ्यावा आणि त्याची वहीही वेगळी ठेवावी. दोन्ही नोंदी एकत्र केल्या की दुर्मीळ ते मुबलक दिसायला लागतं.

उपग्रह आणि ड्रोन आल्यावर हे कष्ट कशाला, असंही विचारतात. वरून छत्र दिसतं, त्याखाली उगवलेली रोपं दिसत नाहीत. आणि छत्रावरून वजन काढायचं सूत्र जुळवायला जमिनीवरचे प्लॉटच लागतात. शिवाय साधन नवं असलं म्हणजे पद्धत नीट होते असं नाही. वाघांच्या बाबतीत आपण हे पाहिलं आहे. पावलांच्या ठशांवरून होणारी मोजणी ठसा ओळखणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून होती, आणि किती वाघ सुटले याचा हिशेब तिच्यात नव्हता. २००१-०२ मध्ये तिने देशात ३,६४२ वाघ दाखवले. २००५ साली सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं. पुढे कॅमेरे आणि पकड-पुनर्पकडीचं गणित वापरून २००६च्या पाहणीचा अंदाज आला १,४११. दोन पद्धती वेगळ्या असल्याने हा सगळा फरक म्हणजे वाघांची घट, असं म्हणता येत नाही; तो फरक नेमका कशाचा, हेच जुन्या आकड्यावरून सांगता येत नाही. नव्या पद्धतीत कॅमेऱ्याइतकंच महत्त्व त्या गणिताला आहे. तेच वाघ पुन्हा किती वेळा टिपले गेले, यावरून कधीच न टिपल्या गेलेल्यांचा अंदाज ते देतं.

म्हणूनच मोजणाऱ्याच्या वहीत आकड्यांइतकीच जागा आकडे कसे घेतले याला हवी: उतार किती, कोणत्या झाडाचा घेर आधारमुळांच्या वर घेतला, कोणता कोपरा दरीमुळे मोजता आला नाही. कायमच्या प्लॉटात तर मोजलेल्या उंचीवर खोडाला रंगाची बारीक रेघ ओढतात आणि झाडाला क्रमांकाचा पत्रा लावतात. पाच वर्षांनी दुसरंच कुणीतरी टेप घेऊन येणार असतं. त्याने वीतभर खाली टेप लावला, तर न वाढलेलं झाडही वहीत वाढलेलं दिसेल.