सूत्राआधीची दोन वाक्यं

शून्य अंशावरचा १०० ग्रॅम बर्फ ३० अंशांच्या २०० ग्रॅम पाण्यात टाकला, तर मिश्रणाचं तापमान किती होईल? उदाहरण दहावीच्या पातळीचं. उष्ण वस्तूने दिलेली उष्णता आणि थंड वस्तूने घेतलेली उष्णता समान, हे तत्त्व सर्वांना पाठ असतं. त्यात आकडे भरून नेटकं गणित केलं की उत्तर येतं उणे ६.७ अंश. आकडेमोड अचूक, उत्तर अशक्य! सूत्राने मुकाट्याने गृहीत धरलं की सगळा बर्फ वितळला. वितळतो का, हे कुणी विचारलंच नाही. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात, म्हणजे १०० ग्रॅमला ८,०००. पाणी शून्यापर्यंत थंड झालं तरी देणार ६,०००च. भांड्याची उष्णता सोडून दिली, तर ७५ ग्रॅम बर्फ वितळेल, २५ ग्रॅम तसाच तरंगत राहील आणि तापमान शून्यावर थांबेल. म्हणून माझं म्हणणं असं, की न्यूमेरिकल चुकतं ते बहुतेक वेळा सूत्र लिहिण्याआधीच. काय घडतंय हे दोन वाक्यांत सांगता आलं नाही, तर पुढचं गणित आंधळं असतं.

बलाच्या उदाहरणांतही तेच. लिफ्ट वर जाते आहे, पण तिचा वेग दर सेकंदाला २ मीटर प्रति सेकंद इतका कमी होतोय. आत ६० किलोचा माणूस वजनकाट्यावर उभा आहे. ‘वर’ हा शब्द वाचला की पेन त्वरण मिळवायला धावतं आणि ७०८ न्यूटन लिहून मोकळं होतं. त्वरण खाली आहे, एवढं जरी शब्दांत लिहिलं तरी ४६८ न्यूटन हे उत्तर समोर येतं. मिशेलिन ची, पॉल फेल्टोविच आणि रॉबर्ट ग्लेझर यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाच फरक दिसला. भौतिकशास्त्राच्या उदाहरणांची वर्गवारी करायला सांगितल्यावर नवशिक्यांनी उताराची एकीकडे, स्प्रिंगची दुसरीकडे अशी चित्रं पाहून विभागणी केली. मुरलेल्यांनी ती ऊर्जेची अक्षय्यता, न्यूटनचा दुसरा नियम अशा तत्त्वांवर केली.

यावर हमखास येणारा आक्षेप वेळेचा. एमएचटी-सीईटीत भौतिक आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. तिथे वाक्यं लिहीत कोण बसणार? आक्षेप खरा आहे, पण तो परीक्षेच्या दिवसापुरता. सवय सरावातच लागते आणि ती वेळ वाचवते. बर्फाच्या उदाहरणात उणे तापमानाचा पर्याय पेन न उचलता बाद होतो. (असा पर्याय ठेवणारा प्रश्नकर्ता विद्यार्थ्याला चांगलाच ओळखून असतो.) दुसरा आक्षेप, मुलांचं गणितच कच्चं असतं. काहींचं असेलही. पण ८,०००मधून ६,००० वजा करायला कोण अडतं? अडतं ते कुठल्या दोन गोष्टींची तुलना करायची, यावर.

तेव्हा शिक्षकांना एकच विनंती: घरच्या अभ्यासाच्या वहीत सूत्राच्या वर दोन वाक्यं मागा, आणि सूत्राला देता तितकाच गुण त्यांनाही द्या.