डॉक्टर कप्तान

मैदानावर चमकणारा मुलगा वर्गात शेवटच्या बाकावरचाच, असा आम्हा मास्तरांचा एक लाडका समज असतो. चहाबरोबर तो रोज चघळला जातो. अशा वेळी मला डॉ. टी. आओ आठवतात.

तालिमेरेन आओ हे नागा टेकड्यांतल्या चांगकी गावचे. जन्म १९१८चा. वडील पाद्री. मुलाने डॉक्टर व्हावे आणि आपल्या लोकांची सेवा करावी, ही त्यांची इच्छा. १९३५ साली ते विषमज्वराने गेले. इच्छा मुलाकडे राहिली. पण मुलाच्या पायांना निराळेच वेड! गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजात त्याने मैदान गाजवले. १९४२ साली तो कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात दाखल झाला आणि पुढच्याच वर्षी मोहन बागानच्या संघात शिरला.

मग १९४८चे लंडन ऑलिंपिक. स्वतंत्र भारताचा पहिला फुटबॉल-कप्तान म्हणजे हा वैद्यकीचा विद्यार्थी. संचलनात देशाचा ध्वजही त्याच्याच हाती. आपले बहुतेक गडी अनवाणी. दोन पेनल्टी वाया गेल्या आणि फ्रान्सने २-१ असे हरवले. अनवाणी पायांबद्दल विचारणाऱ्या पत्रकाराला, "तुमचा तो बूटबॉल," अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगतात. खरे असो वा नसो, त्यांना शोभते खरे!

मला मात्र त्यापुढचे अधिक मोठे वाटते. वय तीस, देशभर नाव, आणि डॉक्टरकी अजून अपुरी. तुमच्याआमच्या घरी एव्हाना काय काय ऐकवले गेले असते! हा गृहस्थ परत पुस्तकांकडे वळला आणि १९५० साली एम. बी. बी. एस. झाला. कलकत्त्यात दवाखाना थाटला असता, तर मोहन बागानचे भक्त नुसती नाडी दाखवायलाही रांग लावून उभे राहिले असते.

डॉक्टरसाहेब १९५३ साली कोहिम्याला सरकारी नोकरीत गेले. तिथली अंगामी बोलीसुद्धा त्यांच्या आओ बोलीहून वेगळी. डोंगरवाटा, पाऊस, आणि थोड्याच वर्षांत पेटलेला सशस्त्र संघर्ष. त्यातच त्यांची उमेद गेली. पुढे ते नागालँडचे आरोग्य-संचालक झाले. १९७८ साली निवृत्त झाले, १९९८ साली वारले.

ईशान्येकडच्या राज्यांसाठी २००९ साली सुरू झालेल्या फुटबॉल-स्पर्धेला त्यांचे नाव मिळाले. गोल मोजता येतात. पंचवीस वर्षांत किती नागा घरांतला ताप त्यांच्या औषधाने उतरला, त्याची नोंद कोण ठेवणार?